फुलावर पाय नको

आमच्या शेजारचे दगडूनाना नवीन माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, पायांकडे बघायचे. लग्न होऊन मी धुळ्याला आले त्या दिवशी ते ओट्यावरच उभे होते. मी वाकून नमस्कार केला. आशीर्वाद द्यायचा सोडून म्हणाले, "मास्तर, बायको टाच आपटीसन चालस तुमची. जमीन उखडी जाई." नवी नवरी मी, नाशकाकडची. भाषा अर्धीच कळली, पण टाचेचं तेवढं बरोबर कळलं. डोळ्यांत पाणी आलं. आमचे हे शाळामास्तर, शांत माणूस. म्हणाले, "मनावर घेऊ नकोस, ते कलेक्टरलाही असंच काहीतरी म्हणाले होते." मग मी मनावर घेतलं नाही. टाच आपटायचीही सोडली नाही.

नाना जाजमं रंगवायचे. जाजम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं सतरंजी येईल, तर ती नव्हे. तंबूचं जाडजूड कापड घ्यायचं, त्याला खळ लावायची, वर सफेद्याचे थर द्यायचे, घासून घासून गुळगुळीत करायचं आणि मग त्यावर जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगांनी वेलबुट्ट्या काढायच्या. शेवटी चकाकीसाठी रोगणाचा हात. शेणाच्या जमिनीवर अंथरलं की बैठकीची खोली एकदम साहेबी दिसायची, आणि ओल्या फडक्यानं पुसता यायची. आधी नाना बैलगाड्यांच्या साट्या रंगवायचे आणि पोळ्याला बैलांची शिंगं. पण एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर विलायतेहून आलेलं असं कापड फाटलं, ते सांधायला नानांना बोलावलं, आणि घरी आले ते वेड घेऊनच आले. तेव्हापासून आमच्या सगळ्या गल्लीला जवसाच्या तेलाचा वास. माझे पापडसुद्धा त्या वासाचे व्हायचे. पाहुणे विचारायचे, पापडात काय घातलंय. मी म्हणायची, शेजार.

आता त्यांची काम करायची तऱ्हा ऐका. गिऱ्हाईक आलं की नाना नक्षी विचारायचे नाहीत, माप घ्यायचे नाहीत. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन खोलीभर रांगोळीची बारीक पूड भुरभुरवायचे आणि सांगायचे, "रोजच्यासारखं चाला. उद्या येईन." दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर बसून, नाक जमिनीला लावून, पावलं वाचत बसायचे. कोण कुठून येतं, कुठं वळतं, कोणत्या कोपऱ्यात कुणी फिरकत नाही. जिथं पाय पडतात तिथं साधा रंग. जिथं पाय पडत नाहीत तिथं फुलं, पोपट, आंबे, काय हवं ते. "फुलावर पाय नको," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दुसरं वाक्य म्हणजे, "तोंड खोटं बोलस, पाय खोटं बोलत नही."

पाय खरं बोलत असतील हो, पण नानांना ते नेहमी नीट ऐकू यायचं असं नाही. जळगावच्या एका कापूसवाल्या शेठजींच्या घरी त्यांनी पूड पाहिली आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं की शेठजींचा उजवा पाय लुळा पडत चाललाय, फरफटल्याची खूण स्पष्ट आहे. घरात रडारड. शेठजींच्या पायाला रोज तेलमालीश सुरू झालं. नाना जाजम पोचवायला गेले तेव्हा उलगडा झाला की फरफटत होता तो शेठजींच्या धोतराचा सोगा. नाना ओशाळले असतील म्हणता? छे. म्हणाले, "मालिशनं पाय मजबूत तरी झाला."

दुसरा एक फैजपूरचा केळीवाला पाटील. त्याला जाजमावर मधोमध स्वतःची तसबीर हवी होती, फेट्यासकट, बाजूनं केळीचे घड. नानांनी समजावलं, "पाटील, लोक तुमच्या तोंडावर पाय देऊन आत येतील." पाटलानं बराच विचार केला आणि म्हणाला, "बाकीच्यांचं चालेल. भाऊबंद आले की गुंडाळून ठेवू." शेवटी नानांनी नुसते घड काढून दिले.

या सगळ्या उद्योगात घरची बाई कुठं होती, ते आता सांगते. काशीअक्का, नानांची बायको. मूलबाळ नव्हतं. बाई उंच, सावळी, बोलायला तुटक आणि मनानं लोण्यासारखी. दुपारी आम्ही दोघी त्यांच्या उंबऱ्याशी धान्य निवडत बसायचो. मजा बघा, जगाच्या घरात जाजमं अंथरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात शेणानं सारवलेली उघडी जमीन. लोहाराच्या घरी विळा बोथट म्हणतात, त्यातलीच गत. आणि ती जमीन तरी अक्काची कुठं होती? बाहेर वावटळी सुटल्या की ओलं जाजम घरात पसरायचं. मग नानांचा हुकूम, "भितडानी बाजूथून चाल. आठे पाय नको. तठे नको." अक्का पदर सावरत भिंतीला घासून चुलीपर्यंत जायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, तुम्ही काहीच बोलत नाही?" तर म्हणाली, "बोलीसन काय करू? तो मानसासंगे बोलत नही, पायससंगे बोलस."

जेवणाचाही आनंदच. भाकरी तव्यावरून उतरायची वेळ झाली की नाना हमखास एखादं पान रंगवत मागच्या पडवीत नाहीतर कुणाच्या तरी घरी जमिनीला नाक लावून. अक्का दोनदोनदा वरण तापवायची.

आणि एका चैत्रात ते झालं. एका वकिलाचं मोठं जाजम घरभर पसरलेलं, काठावर गुलाबांची वेल, रंग अजून ओला. अक्का चुलीवरून वरणाचं पातेलं घेऊन निघाली, बट्टी करून ठेवली होती नानांसाठी. भिंतीकडेनं जाताना पातेलं निसटलं. उकळतं वरण तिच्या पावलावर सांडलं, आणि थोडं एका गुलाबावर. नाना पडवीतून धावत आले, खाली बसले, आणि खांद्यावरच्या फडक्यानं गुलाब पुसायला लागले. मी अक्काची हाक ऐकून दारात पोचले होते, मी डोळ्यांनी पाहिलं. अक्का एका पायावर उभी, आणि नवरा फूल टिपतोय. मीच तिला धरून माझ्या घरी नेली, पावलाला तूप लावलं. रडली नाही बाई. एवढंच म्हणाली, "त्याले फूल दिसनं. मना पाय नही दिसना." दुसऱ्या दिवशी आग्रा रोडवरून सर्व्हिस मोटारीत बसून सोनगीरला भावाकडे निघून गेली.

नाना पहिल्यांदा म्हणाले, "येईल." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी जातात, तेव्हा म्हणाले, "सण झाला की येईल." मग पोळा गेला, दसरा गेला, आणि नाना म्हणायचेच बंद झाले. शेंगदाणे आणि गूळ खाऊन दिवस काढायचे. मी ताट पाठवायची, ते अर्धं परत यायचं. मला त्यांचा इतका राग होता की पाठवताना मुद्दाम मीठ कमी घालावं असं वाटायचं, पण हातून झालं नाही. काम मात्र बिघडायला लागलं. एका व्यापाऱ्याच्या जाजमात त्यांनी वेल अर्ध्यावरच सोडून दिली आणि विचारलं तर म्हणाले, पुढं कुठं न्यायची ते सुचेना.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी ते आमच्या दारात आले. हातात रांगोळीचा डबा. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "नाना, टाच अजून तशीच आहे. काय काम?"

"मास्तरीनबाई," ते म्हणाले, "काशी घरमा कशी चाले, ते जरा चालीसन दखाडा ना."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि वाटलं, डोकं फिरलं की काय या माणसाचं. म्हटलं, "अहो, बायको तुमची. इतकी वर्षं घरात वावरली. सगळ्या खानदेशाचे पाय तुम्ही वाचता, आणि तिची वाट मला विचारता?"

"तिना पाय मी कधी दखाच नही," नाना म्हणाले. हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की मी पायात वहाणा सरकवल्या.

गेले. त्यांच्या घरभर पूड भुरभुरवलेली. मी पदर खोचला आणि काशीअक्का झाले. दारातून माठाकडे, माठाकडून चुलीकडे, चुलीकडून पाट्यावरवंट्याकडे. मागून सूचना चालूच, "टाच नका आपटू. काशी आपटत नही." म्हटलं, "आता बरं माहीत तुम्हाला." मग चुलीपासून मी पुन्हा दाराशी गेले, डाव्या चौकटीला टेकून उभी राहिले. थोडा वेळ थांबून परत चुलीकडे. पुन्हा दाराशी. पुन्हा चुलीकडे.

नाना म्हणाले, "हे काय? एवढ्या खेपा कसाले? तठे चौकटीपाशी काय ठेवेल शे?"

"काही ठेवलेलं नाही," मी म्हटलं. "तिथं ती उभी राहायची. भाकरी झाली की. तुम्ही येताय का ते बघायला. रोज."

नाना गुडघ्यांवर बसले. चौकटीपाशी माझी पावलं उमटली होती, एकावर एक, पूड पार दाबली गेलेली. इतर कुठंच तशी नव्हती. त्यांनी तिथं हात ठेवला, आणि मला म्हणाले, "जा आता तुम्ही." मी घरी आले आणि कारण नसताना आमच्या ह्यांच्यावर चिडले.

त्यानंतर नानांनी दार लावून घेतलं. गिऱ्हाइकं यायची, परत जायची. दिवसभर आतून कापड घासल्याचा आवाज यायचा. मग एकदा मला म्हणाले, "बाजारना दिवशी सोनगीरले जाशात का?" मी म्हटलं, "जाईन की. काय सांगू? जाजम केलंय म्हणून सांगू?"

"नका सांगू. पाय बरा व्हयना का, इतलंच इचारा."

गेले मी. अक्का भावाच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मला बघून हसली, पाणी दिलं. मी म्हटलं, "नानांनी विचारलंय, पाय बरा झाला का." तिनं लुगडं जरा वर धरून पावलाकडे बघितलं. चट्टा पुसट झाला होता. म्हणाली, "आते इचारस तो?" आणि पुन्हा मिरच्या पसरायला लागली. एका मिरचीला दहादा हात लावला असेल. मोटारीची वेळ झाली तेव्हा मी निघाले. ना हो म्हणाली, ना नाही. घरी येऊन नानांना काय सांगावं हेच मला समजेना. मी म्हटलं, "पाय बरा आहे." ते म्हणाले, "बरं शे मग," आणि आत गेले.

पुढच्या बाजारच्या दिवशी आग्रा रोडकडून काशीअक्का गाठोडं घेऊन चालत आली. मी ओट्यावरच होते. मुद्दाम नव्हते, गहू पाखडत होते, कुणाला काय वाटायचं ते वाटो. ती दाराशी थबकली. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाजम. आणि त्याच्यावर, दारापासून माठापर्यंत, माठापासून चुलीपर्यंत, चुलीपासून पाट्यापर्यंत, फुलंच फुलं. शेवंती, गुलाब, जास्वंद. बाकीची सगळी जमीन साधी, गेरूच्या रंगाची. आणि डाव्या चौकटीपाशी एक मोठं कमळ, पाकळी न् पाकळी वेगळी.

अक्कानं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं. मग म्हणाली, "पाय कोठे ठिऊ?"

नाना चुलीपाशी उभे होते. म्हणाले, "फुलसवर ठेव."

"झिजी जातीन."

"झिजू दे. मी परत काढसू."

अक्कानं वहाणा काढल्या आणि आत गेली. मी सूप उचललं आणि घरात आले. कितीही भोचक असले तरी तेवढी मला समज आहे.

त्यानंतर किती दिवाळ्या गेल्या. अक्काच्या पायांनी शेवंती झिजायची, गुलाब फिके पडायचे, चुलीपाशी तर नुसतं कापड दिसायला लागायचं. वसुबारसेच्या आधी नाना सगळी कामं बाजूला ठेवून ती फुलं पुन्हा भरायचे. आणि रंगवताना अक्का वरून सांगायची, हे लाल नको, हे पिवळं कर, आणि ते करायचे.

कमळाला मात्र कधी कुंचला लावावा लागला नाही. पहिल्या दिवशी होतं तसंच राहिलं, नवंकोरं. एकदा दुपारी नाना कामावरून येताना दिसले, तेव्हा मी चिडवलं, "काय हो नाना, एवढं मोठं कमळ काढलंत, पण त्यावर काही कुणाचा पाय पडत नाही. मेहनत वाया गेली म्हणायची."

"जाऊ द्या ना वाया," नाना म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, पायांकडे नव्हे. मग हातपाय धुऊन ते आत जेवायला गेले. अक्काची पहिली भाकरी अजून तव्यावरच होती.