गुरुपादप्पांची म्हैस जुन्या गावाला जाते

"रडायचं काय त्यात? गाव म्हंजे काय, चार भिंती अन् वर छत! ते हितं बी हाय!" नव्या वसाहतीच्या पारावर बसून गुरुपादप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

मांजरा नदीच्या पुरात जुनं गाव चिखलात बसलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. आता माळावर एकासारखी एक घरं मिळाली होती. राहायला येऊन पंधरा दिवस झाले तरी अप्पांच्या बायकोचा, लक्ष्मम्मांचा हात मीठ घ्यायला जुन्या सवयीनं डावीकडं जायचा आणि नुसत्या भिंतीवर आपटायचा! अप्पा मात्र छाती काढून सांगायचे, "मी तर तिकडं ढुंकून बी बघत न्हाई!"

मंगळवारी दुपारी लक्ष्मम्मांनी हाक मारली, "अवो, म्हस कुठंय?"

खुंट्याला तुटलेलं दावं लोंबत होतं.

"चोरी!" अप्पा गरजले. परवाच भुजंग म्हशीभोवती तीन चकरा मारून दूध किती देते विचारून गेला होता. अप्पा थेट त्याच्या दारात! भुजंगची बायको सुकन्या चाचरत म्हणाली, "ते चाकूरला गेलेत."

"कशानं? गाडी तर हितं उभी हाय!"

सुकन्यानं दार लोटून घेतलं. झालं! अप्पांनी महादेवाच्या मंदिरातला भोंगा लावला, "भुजंगनं माझी म्हस नेली हो!" पाच मिनिटांत पंधरा माणसं काठ्या घेऊन हजर. खुरांचा माग निघाला तो सरळ उताराला, जुन्या गावाकडं.

पडक्या गोठ्यात, आपल्या जुन्या जागेवर, म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. सासुरवाशीण माहेरी आल्यासारखी! आणि दोन घरं सोडून एका उंबऱ्यावर भुजंग बसला होता.

"सापडला चोर!"

भुजंग दचकून उठला. "देवाशपथ अप्पा, म्हशीला हात लावला न्हाई! माझ्या आधी आलती ती."

"मग तू काय करायलास हितं?"

"काय न्हाई." भुजंगनं मान खाली घातली. "माझ्या घराचा उंबरा तेवढा ऱ्हायलाय. रोज येऊन बसतो घटकाभर. सुकन्याला म्हणलं, सांगू नको कुणाला. लोक हसतेत."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात पलीकडच्या पडक्या भिंतीआडून गावातलेच माणिकप्पा निघाले, हातात खराटा.

"मी बी म्हसच हुडकायलो!"

"खराट्यानं?"

माणिकप्पांच्या मागं, भिंती नसलेल्या घराचं अंगण लख्ख झाडलेलं होतं. पलीकडून केवळाबाई आली, रिकामी घागर घेऊन. कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "कढीपत्ता जगलाय माझा. त्याला पाणी नको व्हय?"

काठ्या घेऊन आलेली माणसं एकेक करून पांगली. जो तो आपापल्या घराकडं. अप्पांनी रागवायला तोंड उघडलं, पण पाय कधीच पुढं निघाले होते. जुन्या घराचा दरवाजा ठेंगणा होता. आता चौकटही नव्हती, तरी आत शिरताना त्यांची मान वाकली. मग ते खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

मागून लक्ष्मम्मा धापा टाकत आल्या. "म्हस सापडली?"

"सापडली."

"मग चला की!"

"चलतो. तिचं रवंथ तर होऊ दे."

लक्ष्मम्मांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि शेजारी बसल्या. जमिनीवरून हात फिरवत म्हणाल्या, "चूल हितंच होती ना?"

"हाव."

त्या दिवसापासून म्हैस रोज पळायला लागली. अप्पा रोज हुडकायला निघायचे. मदतीला माणसंही रोज वाढायची. एका म्हशीमागं तीस-तीस माणसं! एवढी माणसं तर निवडणुकीच्या सभेलाही जमत नसत.

आणि एके दिवशी म्हैस निघालीच नाही. माळावरचा हौद तिला मानवला होता. अप्पांनी दावं सोडून खांद्यावर टाकलं. पुढून ओढलं, मागून ढकललं. "चल की गं माय, उशीर व्हायलाय!" ती फतकल मारून खाली बसली.

रस्त्यावर भुजंग आणि माणिकप्पा खोळंबले होते. लक्ष्मम्मांनी दारातून विचारलं, "अवो, म्हस तर हितंच हाय. मग काय हुडकायला जाताव?"

अप्पांनी म्हशीकडं पाहिलं. रस्त्याकडं पाहिलं.

"दावं ऱ्हायलंय तिकडं!" असं म्हणून खांद्यावरचं दावं सावरत ते निघाले.