तात्यांची उलटी फेरी

आमच्या गल्लीत रोज सकाळी सहा वाजता आधी तात्यांची पाठ येते. तोंड नंतर, म्हणजे ते आमच्या फाटकावरून पुढं गेल्यावर दिसतं, कारण तात्या उलटे चालतात. गल्लीच्या टोकाच्या त्यांच्या घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि टाकीपासून परत घरापर्यंत, सगळा रस्ता उलटा. अंगात पांढरा सदरा, खाली गुडघ्यापर्यंतची खाकी पँट आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्यांच्यासमोर चार पावलांवर त्यांची बायको, म्हणजे काकू, आपल्यासारख्या सरळ चालणाऱ्या. तात्यांना मागचं दिसत नाही, म्हणून वाटेत काय काय आहे ते काकू ओरडून सांगतात.

"खड्डा!"

तात्या उजवीकडं सरकतात.

"शेण!"

तात्या डावीकडं सरकतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सांगलीत या गल्लीत राहायला आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी "म्हस!" या आरोळीनं मला जाग आली. मी गॅलरीत येऊन बघितलं तर एक म्हातारा गृहस्थ पाठमोरे चालत एका म्हशीला वळसा घालत होते आणि म्हैस त्यांच्याकडं आश्चर्यानं बघत होती. घरमालकानं भाडं एवढं कमी का सांगितलं, ते मला त्या क्षणी कळलं असं वाटलं.

तात्या वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. मूळ गाव शिराळ्याकडचं. उभं आयुष्य खांबावर गेल्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना वायरिंगच्या भाषेतच समजते. माणूस आजारी पडला की त्याचा 'फ्यूज' गेलेला असतो. कुणी फार जेवलं की 'लोड' वाढतो. आणि तारुण्य म्हणजे करंट.

"अंगात करंट हाय तवर म्हातारपण हात लावत न्हाई, फोरमन," असं ते मला आठवड्यातून तीनदा सांगतात. मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहे, म्हणून मी 'फोरमन'. माझं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही.

हा करंट टिकवायचे त्यांचे नियम आहेत. बारा महिने थंड पाण्यानं अंघोळ. दिवस मावळायच्या आत जेवण. उठताबसता जमिनीला हात टेकायचा नाही. एका दिवशी उजव्या हातानं दात घासायचे, दुसऱ्या दिवशी डाव्या, कारण "एकाच फेजवर सगळा लोड टाकू न्हाई." घरातला टीव्हीचा रिमोट त्यांनी टीव्हीलाच दोरीनं बांधून ठेवलाय. चॅनेल बदलायचं तर उठून तिथपर्यंत जावं लागतं. "रिमोट म्हंजे म्हातारपणाची पयली काठी," असं त्यांचं मत.

त्यांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला एक परीक्षा द्यावी लागते. निघताना एका पायावर उभं राहून, कशालाही न धरता, दुसऱ्या पायात चप्पल घालायची. माझं वय बावन्न, पोट वयापेक्षा थोडं पुढं गेलेलं. पहिल्याच परीक्षेत मी दाराचा पडदा धरला आणि पडदा दांडीसकट खाली आला.

"तुमी सत्तरीचं हाय," तात्यांनी निकाल दिला.

"आणि तुम्ही?"

"चौऱ्याहत्तर. पर उलटं वाचा. सत्तेचाळीस!"

उलट्या चालीमागचं त्यांचं शास्त्र हेच होतं. "सरळ चाललं की वय म्होरं जातंय. उलटं चाललं की मागं येतंय. मीटर उलटा फिरवायचा, फोरमन!"

पुढच्या वर्षी पंचाहत्तर लागलं की हा हिशेब एकदम सत्तावन्नवर जाईल आणि तुम्ही एका वाढदिवसात दहा वर्षांनी म्हातारे व्हाल, असं मी म्हणालो तेव्हा ते जरा गंभीर झाले आणि "बघू, काढू कायतरी" म्हणून आत गेले.

मला न कळणारी गोष्ट एकच होती. चालायला त्यांनी आमचीच गल्ली का निवडावी? पलीकडं बागेत चांगला गुळगुळीत ट्रॅक आहे, बाकं आहेत, झाडं आहेत. आणि आमची गल्ली म्हणजे खड्डे, उघडी गटारं, गोठ्याकडं निघालेल्या म्हशी आणि कुणीतरी वाळत घातलेले गहू. पण बागेचं नाव काढलं की तात्या नाक मुरडायचे. "तितं करंट न्हाई."

काकूंबद्दल मात्र आमच्या घरात चांगलं मत नव्हतं. सकाळी एवढा खणखणीत आवाज काढणारी ही बाई एरवी कुणाशी बोलायची नाही. माझी बायको संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेली, तर काकूंनी हसून घेतला, तिच्या हातावर आपल्याकडचा ठेवला, मान हलवली आणि दार लावून घेतलं. एक शब्द नाही. "शिष्ट आहेत जरा," बायको म्हणाली आणि मीही हो म्हणालो. ते आठवलं की मला आता माझीच लाज वाटते.

गेल्या दिवाळीनंतर तात्या पडले. केबल टाकायला कुणीतरी रात्रीत रस्त्याला आडवा चर खणून ठेवला होता. काकूंनी हात वर केला, तोंड उघडलं, पण ओरडायला उशीर झाला आणि तात्या पाठीवर चरात गेले. कोपर चांगलंच खरचटलं. दुसऱ्या दिवशी कोपराला पट्टी बांधून ते पुन्हा उलटे हजर.

त्यांचा मुलगा सुनील बेंगळुरूला असतो. त्याला कुणीतरी ही बातमी दिली. त्याचा मला फोन आला.

"काका, या वयात हाड मोडलं म्हणजे काय होईल? माझं ऐकत नाहीत. तुम्ही तरी थांबवा त्यांना."

तात्यांना थांबवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पण मी फोरमन आहे. मी विचार केला, मागचं दिसत नाही हीच अडचण असेल, तर मागचं दिसायची सोय करावी. स्कूटरचा एक जुना आरसा घेतला, त्याला वाकवलेली सळई जोडली आणि छातीवर बांधायला पट्टा लावला. आरसा बरोबर खांद्याच्या वर येत होता. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी तो आळीपाळीनं बांधून उलटं चालून बघितलं. एकही जण मशीनवर आपटला नाही. एवढं नेटकं काम मी मालकासाठीही कधी केलं नव्हतं.

रविवारी मी तो तात्यांना नेऊन दिला. त्यांनी सळईवरून बोट फिरवलं. "जोड झ्याक घातलाय," म्हणाले. मी खूश होऊन परतलो, चप्पल घालताना भिंत धरली तरी ते काही बोलले नाहीत.

सोमवारी तात्या आरशाशिवाय चालले. मंगळवारीही. बुधवारी संध्याकाळी मी गेलो तर माझा आरसा त्यांच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाला अडकवलेला आणि त्यात बघून तात्या दाढी करत होते. मला राग आला. मी सरळ म्हणालो, "तात्या, पोरगा तिकडं काळजीनं अर्धा झालाय. आम्ही इथं तुमच्यासाठी खपायचं आणि तुम्हाला त्याची किंमत नाही. पडून खाटेला खिळलात म्हणजे काकूंनी काय करायचं?"

तात्यांनी वस्तरा ठेवला. घराच्या दाराकडं बघितलं. काकू आत भाकरी थापत होत्या, त्याचा आवाज येत होता. मग त्यांनी मला झाडामागं नेलं आणि मी त्यांना पहिल्यांदाच हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"तुमी हितं याच्या आदीची गोष्ट हाय. हिला झटका आलता. मिरजंला म्हैनाभर ठेवली. हात आला, पाय आला, पर बोलायची लाइन गेली ती आलीच न्हाई. डाक्टर म्हनलं, सारकं बोलतं ठेवा. पर ही बोलंना."

"का?"

"जीभ वळायची न्हाई. एक सांगाय जायची, दुसराच शबुद यायचा. एकदा पावनं आलतं. त्येंच्याम्होरं 'च्या घ्या'च्या जागी भलतंच कायतरी आलं तोंडात. पावनं हासलं. त्या दिसापास्नं हिनं तोंड मिटलं ते मिटलंच. चार म्हैनं, फोरमन! घरात दोन मानसं आन भांड्याचा आवाज."

गालावरचा साबण तसाच वाळत होता. त्यांच्या लक्षात नव्हतं.

"एक दिस फिराय निगालतो. ही माज्या मागं. मी बोलत बोलत हिच्याकडं तोंड करून उलटा चालाय लागलो. मागं खड्डा. मी पडलो. आन उठताना बगतो तर ही रडाय लागल्याली. तिला दिसलं हुतं, पर सांगता आलं न्हाई. तवा मला फॉल्ट कुटं हाय त्यो गावला."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिशी मुद्दाम उलटा निगालो. पाच दिस पडलो. साव्या दिशी मागनं म्हस येत हुती." तात्या थांबले. मग एकदम हसले. "म्हस! आशी वरडली की म्हसच बिचकली. चार म्हैन्यानं पयला शबुद, गड्या. मी तितंच रस्त्यात बसलो."

रोज सकाळी ज्या आवाजावर मी चिडून कूस बदलत होतो, तो आवाज असा मिळवलेला होता.

"आता सांगा," तात्या आरशाकडं बोट करून म्हणाले, "ह्यात मला मागचं दिसलं, तर तिनं वरडायचं कशाला?"

"सुनीलला हे माहीत नाही?"

"न्हाई. त्यो तिला सांगंल. आन तिला कळलं, की मी तिच्यासाटी पडतोय, तर ती उंबऱ्याभाईर यायची न्हाई. तुमी बी सांगू नगा. म्हातारा खुळा हाय म्हना."

मी रात्री सुनीलला फोन केला. म्हणालो, बाबा, तुझे वडील हट्टी आहेत, पण मी लक्ष ठेवतो. बायकोला मात्र सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी उगाचच वाटीभर खीर घेऊन काकूंकडं गेली.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि तेवढ्यात आमच्या गल्लीचा रस्ता झाला. इतकी वर्षं अर्ज करून न झालेला रस्ता आठ दिवसांत झाला. खड्डे बुजले, गटारांवर झाकणं आली, गोठेवाल्यानं म्हशी पलीकडच्या वाटेनं न्यायला सुरुवात केली. लोकांनी पेढे वाटले. तात्यांनीही पेढा घेतला, पण साखर सोडली असं सांगून खिशात ठेवला.

पहिल्या दिवशी तात्या नव्या डांबरावरून टाकीपर्यंत उलटे गेले आणि उलटे परत आले. काकू मागोमाग गेल्या आणि आल्या. गल्लीत आवाज नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी अंथरुणात जागाच होतो, नुसते बुटांचे आवाज ऐकत. उठून गॅलरीत आलो आणि तात्या फाटकावरून पुढं गेले तेव्हा त्यांचं तोंड दिसलं. त्या दिवशी मला ते खरोखर चौऱ्याहत्तर वर्षांचे वाटले.

तिसऱ्या दिवशी मी पावणेसहाला उठलो आणि माझी स्कूटर बाहेर काढून रस्त्याच्या मधोमध आडवी लावली. मग फाटकाच्या खांबामागं उभा राहिलो.

तात्यांची पाठ येत होती. काकूंचं लक्ष स्कूटरकडं गेलं.

"स्कूटर!"

तात्या जागच्या जागी थांबले. पण काकू थांबल्या नाहीत. त्या स्कूटरपर्यंत आल्या, माझ्या घराकडं वळल्या आणि एकेक शब्द शोधून काढत म्हणाल्या, "ह्या... मेल्याला... रस्ता... बापाचा... वाटला व्हय?"

सहा शब्द. मी मोजले. आयुष्यात मला शिव्या पुष्कळांनी घातल्या, पण एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. तात्यांनी खांबाकडं बघितलं आणि मी तिथं उभा आहे हे त्यांना कळलं. ते काकूंना मोठ्यांदा म्हणाले, "लय बेशिस्त मानूस हाय त्यो!" आणि सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले.

तेव्हापासून आमच्या घराला हा नवा उद्योग लागलाय. एक दिवस बादली, एक दिवस तुळशीची रिकामी कुंडी, एक दिवस बायकोचं शिलाई मशीन. गल्लीतली माणसं मला वेडा म्हणतात. काकू मला काय काय म्हणतात ते इथं लिहिता येणार नाही, पण आता त्या आठ-आठ, दहा-दहा शब्द म्हणतात. परवा बायकोशी त्या फाटकात उभ्या राहून माझ्याविरुद्ध पाच मिनिटं बोलल्या. माझं पोटही रोज पहाटे सामान उचलून थोडं उतरलंय, पण ते तात्यांना सांगितलं तर ते सगळं श्रेय उलट्या चालीला देतील.

काल मी वर्कशॉपमधली शिडी आणून आडवी टाकली. शिडीशी तात्यांचा जन्माचा संबंध, म्हणून मुद्दाम. काकूंना शिडी दिसली. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं, पण शब्द सापडेना. ओठ नुसते हलत होते. मी खांबामागून धावायच्या बेतात होतो.

तात्यांना त्यांचा चेहरा समोर दिसत होता. मागं काहीतरी आहे हे त्यांना कळलं होतं. तरी ते थांबले नाहीत. एक पाऊल मागं आले. आणखी एक. तिसरं पाऊल टाकलं, तेव्हा टाच आणि शिडी यांत चार बोटांचं अंतर राहिलं होतं.

"शिडी!"

तात्या थांबले. "शिडीच हाय," असं काकूंकडं बघत म्हणाले आणि बाजूनं वळसा घालून पुढं निघाले. मागं वळून त्यांनी बघितलंच नाही.