दोन काहिलींचा तंबोरा

सगळी चूक चहाची. त्या दिवशी मी मिस्बाह मॅडमना चहा विचारला नसता, तर त्या उभ्या उभ्या आल्या तशा गेल्या असत्या आणि आमचा संसार गेट, ग्रील आणि उसाच्या ट्रॉल्यांवर सुखानं चालू राहिला असता. पण मी विचारला. वर त्यात आलंसुद्धा किसून घातलं. (माणसानं आपल्या हातानं खड्डा खणावा, पण निदान त्यात आलं तरी घालू नये.)

आष्ट्यात आमचं वेल्डिंगचं शेड आहे. रस्त्याच्या या बाजूला घर, त्या बाजूला शेड. भाकरी थापता थापता मान वर केली की नवरा दिसतो, अशी सोय. मॅडम सांगलीच्या कॉलेजात चित्रकला शिकवतात. मूळच्या मिरजेच्या, आजोबा तंबोरे बनवायचे. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं, की लहान मुलांच्या एका दवाखान्यासाठी सांगलीत लिलाव ठेवलाय. चित्रं, मूर्ती विकून येईल त्यातून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या घ्यायच्या. त्या लिलावाला त्यांना भंगारातून पंधरा फुटी लोखंडी तंबोरा करून पाहिजे होता. दोन वर्कशॉपवाल्यांनी हात जोडून परत पाठवलं होतं.

यांनी माझ्याकडं बघितलं. "काय करू गं?"

आमचा साईराज जन्मला तेव्हा नऊ दिवस अशाच पेटीत होता. मी काचेला नाक लावून उभी असायची आणि नर्स दर तासाला काचेवरचा माझ्या नाकाचा ठसा पुसायची. तेव्हापासून मला सगळ्याची भीती वाटते. पोरगं शिंकलं की न्यूमोनिया दिसतो, गप्प बसलं की त्यानं काहीतरी गिळलेलं दिसतं. तर मी म्हटलं, "करा की. चांगलं काम हाय. आमचं पोरगं बी नऊ दिवस पेटीत हुतं."

त्या वेळी मी मॅडमकडं नीट बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघितलं.

भुवया. अशा भुवया मी आजवर फक्त गौरीच्या मुखवट्यावर बघितल्या होत्या. आणि गौरी निदान तीन दिवसांनी जाते. मॅडम तीन आठवडे रोज यायच्या.

तंबोऱ्याच्या भोपळ्यासाठी गावातल्या नानासोंनी त्यांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळातल्या दोन काहिली फुकट दिल्या. गूळ आटवायच्या त्या अवाढव्य कढया एकीवर एक तोंडाला तोंड लावून जोडल्या, की झाला भोपळा. दांडीला बोअरचा जुना पाइप, खुंट्यांना नांगराचे फाळ. गावातली पोरंटोरं बघायला जमायला लागली. मीही बघायची, पण मी भोपळा बघत नव्हते.

हे रोज दाढी करायला लागले. आता वेल्डिंग करताना माणसाच्या तोंडापुढं काळ्या काचेची ढाल असते. तिच्यामागं दाढी केलीय का वाढलीय, हे कुणाला दिसणार होतं? मी विचारलं तर म्हणाले, "ठिणगी लागली की केस जळत्यात." नऊ वर्षं जळत नव्हते. या महिन्यात जळायला लागले.

एकदा जेवताना यांनी आमटीत बोट बुडवलं आणि ताटात काहीतरी काढलं.

"ही बघ. ही गोलाई. मॅडम म्हणत्यात, सगळा जीव या गोलाईत हाय."

माझी भाकरी त्याच ताटात होती. पौर्णिमेच्या चंद्रासारखी गोल. तिच्या गोलाईबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही.

सासूबाईंपाशी मन मोकळं करायला गेले. त्यांचं नाव मनुबाई, पण आम्ही आत्या म्हणतो. त्या शेंगा फोडत होत्या.

"तुझ्या सासऱ्याचा ट्रॅक्टरवर लय जीव हुता," त्या म्हणाल्या. "रोज धुवायचा, हार घालायचा. मी काय ट्रॅक्टरवर जळत बसली न्हाई."

"आत्या, ट्रॅक्टरला भुवया नसत्यात."

"दोन दिवं असत्यात की. गप शेंगा फोड."

तर उपाय मलाच शोधावा लागला. आमच्या घरात एक साधा, बटणाचा फोन आहे. एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस पुरतो. साईराजच्या टॉनिकसाठी मी त्यात सकाळी आठचा आणि संध्याकाळी सहाचा गजर लावला होता. आत्यांना वाचता येत नाही आणि घंटी वाजली की त्या "हॅलो, कोण?" म्हणत बसतात, म्हणून गजराला घंटीऐवजी मी माझा स्वतःचा आवाज भरून ठेवला होता: "आत्या, साईराजला औषध द्या. आधी बाटली हलवा. मग झाकण घट्ट लावा." शिवणाच्या क्लासला गेले तरी आवाज माझाच, त्यामुळं मला धीर असायचा. आणि त्या फोनमध्ये रेकॉर्डिंगही होतं.

भोपळ्याच्या बाजूला हात जाईल एवढं एक भोक ठेवलं होतं, आतल्या कामासाठी. ते सगळ्यात शेवटी, रविवारी बंद होणार होतं. शुक्रवारी दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी रस्ता ओलांडून शेडमध्ये गेले. फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं, फोन साईराजच्या जुन्या टोपड्यात गुंडाळला आणि भोकातून हात घालून आतल्या सळईला नाडीनं घट्ट बांधला. नाडी काही लवकर बसेना. मी एकटीच बडबडत होते. (काय, ते पुढं येईलच.) दुपारी मॅडम येतील, दोघं बोलतील, फोन ऐकेल, संध्याकाळी मी काढून घेईन. असा बेत सातवी शिकलेल्या बाईच्या मानानं वाईट नव्हता.

पाच वाजता शेडमध्ये गेले तर भोक नाही.

तिथं चकचकीत, ग्रायंडर मारून गुळगुळीत केलेलं लोखंड. मी दोनदा हात फिरवून बघितला.

"झाक झालंय न्हवं?" हे खुशीत म्हणाले. "रविवारी करणार हुतो. पण मॅडमचा फोन आला, लिलाव उद्याच ठरलाय. सकाळी आपला डायवर धुळा ट्रॉली घिऊन येतोय."

"म्हंजे त्या आज आल्याच न्हाईत?"

"आल्या हुत्या की. तासभर हुत्या. का?"

काय सांगणार? तुमच्या तंबोऱ्याच्या पोटात माझा संशय बांधलाय, तेवढा फोडून द्या? मी यांच्या मोबाईलवरून आतल्या फोनला रिंग दिली. सांगणारी बाई म्हणाली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आणि ती व्यक्ती दोन हातांवर, दोन काहिलींच्या मध्ये.

घरी आत्यांना सांगितलं, फोन क्लासमध्ये राहिला. यांनी शेडला कुलूप लावलं आणि साडेपाचलाच आंघोळीला गेले, त्यामुळं सहाचा गजर शेडमधल्या चिमण्यांनीच ऐकला असेल. आणि मी अशी बावळट, की गजर माझ्या डोक्यातच नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की तासभर काय बोलली असतील?

गजर आठवला शनिवारी सकाळी आठ वाजून सहा मिनिटांनी. यांचा फोन वाजला. पलीकडं धुळा होता. पहाटेच तंबोरा ट्रॉलीत घालून निघालेला, आणि आवाज असा कापत होता की मला चुलीपाशी ऐकू आला.

"मालक, मी वाटंत तुंगात चहाला थांबलोय. तंबोऱ्यात बाई हाय."

"काय?"

"बाई. आत बोलतीया. दोनदा बोलली."

"काय बोलतीया?"

"बाटली हलवा म्हणतीया."

यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "धुळा, खरं सांग. सकाळ सकाळ घेतलीस काय रं?"

"आईची आन मालक, चहाच घेतलाय. आधी हलवा म्हणली, मग झाकण लावा म्हणली. मी नारळ फोडल्याबिगर ट्रॅक्टर हलवत न्हाई."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. (तिची गोलाई त्या दिवशी कोळशात गेली.) हे फोनवर म्हणाले, "बरं, फोड," आणि मला म्हणाले, "धुळाला आज ट्रॅक्टर द्यायलाच नको हुता." मी म्हटलं, "व्हय की." खोटं बोलणारी बाई अशीच थोडक्यात बोलते.

लिलाव संध्याकाळी पाचला होता. आम्ही सगळे गेलो, आत्यासुद्धा. हॉल भरलेला. स्टेजवर आमचा तंबोरा उभा केलेला, पंधरा फूट, वर तारेचे चार दोर ताणलेले, दिव्यात काहिलींचं लोखंड चमकत होतं. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की गोलाईत जीव आहे. मग बाजूला मॅडम दिसल्या. हिरवी साडी. भुवया होत्या तिथंच होत्या.

आधी चित्रं विकली. मग मूर्ती. प्रत्येक बोलीला मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. देवाला म्हणत होते, सहाच्या आत तंबोऱ्याचा नंबर लागू दे, विकला जाऊ दे, कुणीतरी लांब घेऊन जाऊ दे, कोयनानगरच्या घाटात. नंबर लागला सहाला सात कमी असताना. बोली पुकारणाऱ्या माणसानं तंबोऱ्याबद्दल सांगायलाच पाच मिनिटं घेतली. पहिली बोली आली, दुसरी आली, मग सगळे गप्प. एवढा मोठा तंबोरा ठेवायचा कुठं, हाच प्रश्न होता. यांचा चेहरा उतरला. तीन आठवडे मी ज्या चेहऱ्यावर जळत होते, तो असा उतरलेला मला बघवेना.

"एक वार," तो माणूस म्हणाला. "दोन वार..."

आणि तंबोरा बोलला.

दोन काहिलींच्या पोकळीतून माझा आवाज असा घुमून आला, की मला स्वतःला आपण देवळात बोलतोय असं वाटलं. "आत्या, साईराजला औषध द्या."

आत्या खुर्चीवरून उठल्या. "देते, देते," म्हणाल्या आणि पिशवीत बाटली शोधायला लागल्या.

"आधी बाटली हलवा," तंबोरा म्हणाला.

माझ्या कडेवरच्या साईराजनं सवयीनं आ केला. अख्ख्या हॉलनं तो आ बघितला. मग त्याच्या तोंडाच्या मागं मला बघितलं. यांनीही बघितलं. लग्नानंतर एवढं निरखून त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच बघितलं असेल.

"मग झाकण घट्ट लावा," तंबोऱ्यानं सांगून टाकलं आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

मॅडम भराभरा माझ्याकडं आल्या. हळूच विचारलं, "ताई, तुमचा आवाज?"

मी मान हलवली.

"आत फोन आहे?"

मी परत मान हलवली. का आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाल्या, "या रेश्माताई. यांचं बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. आमच्या तंबोऱ्याला सूर नव्हता, आता आईचा सूर आहे." एवढंच. पण हॉलमधल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले आणि बोली अशी चढायला लागली, की पुकारणाऱ्याला घाम फुटला. शेवटी कुणी घेतला, तर नानासोंनी. स्वतःच फुकट दिलेल्या काहिली परत विकत घेतल्या.

"माझ्याच हायत्या," ते म्हणाले, "पण माझ्यापाशी हुत्या तवा बोलत न्हवत्या." आणि तंबोरा तिथंच दवाखान्याला देऊन टाकला.

मला मॅडमचा राग यायला हवा होता. पण राग यावा एवढंसुद्धा त्या बाईनं शिल्लक ठेवलं नाही, आणि याचाच मला जास्त राग आला.

घरी येताना यांनी एकदाच विचारलं, "फोन आत कशाला ठिवलास?"

"तंबोऱ्याला आवाज पायजे म्हणून."

"टोपड्यात गुंडाळून?"

"थंडी वाजंल म्हणून." (एकदा खोटं बोलायला लागलं, की ते असं टोपडं घालून दुडूदुडू धावतं.)

चौथ्या दिवशी बॅटरी संपली आणि दवाखान्यातून निरोप आला, तंबोरा बोलायचा थांबलाय, पेशंटचे नातेवाईक विचारतायत. रविवारी आम्ही गेलो. यांनी भोपळ्याला छोटं दार कापलं, हात घालून टोपडं काढलं. मॅडमही आल्या होत्या. नर्सनं फोन चार्जिंगला लावला. चालू झाला तशी पडद्यावर अक्षरं आली, आणि ती नेमकी मॅडमनी वाचली.

"यात तीन तासांचं रेकॉर्डिंग आहे. ऐकायचं का?"

मी म्हटलं नको. आत्या म्हणाल्या, ऐकूया की. मी मनात म्हटलं, ठीक आहे. एकदा काय ते कळू दे. साईराजला मी इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

पुढचं नंतर सगळं ऐकलं, तेव्हा कळलं. दोन तास ग्रायंडर. मधे मॅडमचा आवाज: "दादा, रंग कुठला द्यायचा?" यांचा आवाज: "रेश्माला इचारतो. तिला रंगातलं माझ्यापेक्षा कळतंय. दाढी करा म्हणून ती तीन वर्सं मागं लागली हुती, आता तुमच्यासारखी शिकली माणसं येत्यात, तवा म्हणलं तिचं नाव खाली जाया नको." मग परत ग्रायंडर. बस्स. संपलं.

पण ते नंतर. रेकॉर्डिंग सुरू झालं ते सुरुवातीपासून, आणि सुरुवातीला मी होते. नाडी बांधता बांधता. भोपळ्यात घुमलेला माझा आवाज खणखणीत येत होता, नर्ससुद्धा कामं सोडून ऐकत होती: "आली मोठी मिरजेची. रोज रोज येती. चहाला दोन चमचं साखर पायजे. आणि भुवया बघा म्हणं, कोरून कोरून नुसत्या धनुष्यागत केल्यात, कुणाला बाण मारायला येती कुणास ठाऊक."

तीन तासांच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये परक्या माणसाबद्दल नको ते कुणी बोललं असेल, तर ती एकटी मीच.

हे आभाळाकडं बघायला लागले. आत्यांनी पदर तोंडात कोंबला. मी जमिनीकडं बघत होते, आणि ती फाटत नव्हती.

मॅडमनी फोन बंद केला, टोपड्यात नीट गुंडाळून माझ्या हातात दिला.

"ताई," त्या म्हणाल्या, "भुवया जन्मापासून अशाच आहेत. पण साखर तुम्ही बरोबर मोजलीत."