रस्त्याकडेचा आदर्श तुकडा

जमीन स्वतः बोलत नसल्यामुळे तिच्या वतीने बोलायला समिती नेमावी लागते. ही गोष्ट एकदा मान्य केली की पुढचं सगळं आपोआप पटत जातं.

ऊस पिकवणाऱ्या त्या भागात अशी एक समिती होती. 'मृदा सेंद्रिय कर्ब संवर्धन व संनियंत्रण समिती' हे तिचं पूर्ण नाव एका दारावर मावत नसल्यामुळे पाटी दोन दारांवर मिळून लावली होती. (डाव्या दाराने येणाऱ्याला कार्यालय मातीचं आहे एवढंच कळे.) समितीचं निदान मात्र अचूक होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. ऊस तोडल्यावर शेतात वाळलेल्या पानांचा, म्हणजे पाचटाचा, जाड थर उरतो. तो तिथेच कुजू दिला तर मातीत कर्ब, म्हणजे कार्बन, मुरतो, माती काळी आणि भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते. काडी लावली तर शेत दुपारभरात लख्ख होतं आणि कर्ब हवेत जातो. हवा समितीच्या कार्यक्षेत्रात येत नव्हती. त्यामुळे पाचट जाळण्याच्या प्रश्नाकडे अत्यंत गांभीर्याने, पण मान वर न करता बघायचं असं पहिल्याच बैठकीत ठरलं.

समितीला एक आदर्श शेत हवं होतं. पाहणीअंती खोडव्याचं शेत निवडण्यात आलं. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून जे पीक पुन्हा फुटतं त्याला खोडवा म्हणतात. शेताचा मालक थोरली भावंडं मिशा फुटण्याच्या वयाला आल्यावर, कोणाच्या ध्यानीमनी नसताना जन्माला आला, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. पन्नाशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नाही. निवडीचे निकष असे होते: शेत रस्त्याला लागून असावं, समोर गाडी लावायला सावली असावी आणि मालकाच्या तोंडून 'नाही' निघत नसावं. तिन्ही निकषांत खोडवा पहिला आला.

त्याच्या शेतातलाही फक्त रस्त्याकडेचा तुकडा घेतला गेला, एखाद्या ऐसपैस अंगणाएवढा. मागे पसरलेली सगळी जमीन 'उर्वरित क्षेत्र' ठरली. तिकडे चिखलाची पायवाट जात असल्यामुळे (आणि अधिकाऱ्यांचे बूट सरकारी नसल्यामुळे) कोणी गेलं नाही.

"भाऊ, या तुकड्यात पाचट जाळायचं नाही हं," कर्बसाहेबांनी बजावलं. हे समितीचे अधिकारी. खरं नाव वेगळं होतं, पण ते हजेरीपटापुरतं.

"बरं. आणि मागे?"

"मागचं मी काही विचारलंय का?"

कर्बसाहेब स्वभावाने सज्जन होते. कोणाला अडचणीत आणणारा प्रश्न त्यांनी नोकरीत कधी विचारला नव्हता.

खोडव्याला या सगळ्यात काय मिळालं, असं एखादा कोत्या मनाचा माणूस विचारील. त्याला खुर्ची मिळाली. समितीच्या बैठकीत पहिल्या रांगेत, पाठीवर 'आदर्श मृदासंवर्धक' असा कागद चिकटवलेली. घरात थोरल्या भावांमुळे तो जन्मभर उंबऱ्यावर बसलेला. थोरले एकेक करून शेत सोडून गेले, तरी त्याची उंबऱ्याची सवय गेली नव्हती. त्या खुर्चीत टेकल्यावर आपल्याला पाठ आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं. घरी आल्यावरही तो बराच वेळ ताठ बसून राहिला, तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, उसण भरली का?"

पहिल्या वर्षी तुकड्यातला कर्ब वाढला. नमुना शेताच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यावा असा नियम आहे. कर्बसाहेबांनी तो काटेकोरपणे पाळला आणि तुकड्याच्या चारही कोपऱ्यांतून माती घेतली. आकडा चांगला आला. आता, कर्ब वाढला म्हणजे तो वाढवता येतो हे सिद्ध झालं, आणि वाढवता येतो म्हटल्यावर आणखी न वाढवणं हा गुन्हाच. उद्दिष्ट दुप्पट झालं.

दुप्पट उद्दिष्टाला तुकड्याचं स्वतःचं पाचट कुठून पुरणार? खोडव्याने मागच्या शेतातलं पाचट ओढून पुढे आणलं. शेणखतही पुढेच पडलं. मागे जे थोडंथोडकं उरलं ते कुजवायला फार कमी होतं, म्हणून जाळलं. समितीच्या अहवालात याला 'संसाधनांचं केंद्रीकरण' असं म्हटलं होतं आणि त्या पानावर तुकड्याचं रंगीत छायाचित्र होतं.

मागच्या शेताने मात्र सहकार्य केलं नाही. पाणी दिलं की ते आत न मुरता वरच्यावर निघून जाई. नांगर लावला की ढेकळं अशी निघत की ती फोडायला माणूस लावावा लागे. खोडव्याच्या वडिलांच्या काळात एका लागणीवर, म्हणजे एकदा लावलेल्या उसावर, खोडवा तीन-तीनदा फुटायचा. आता पहिल्याच खोडव्याला सरीत जागोजागी टकलं पडू लागली. (खोडव्याच्या शेतात खोडवा फुटत नाही, यावर पारावर हसून झालं होतं.)

पाहणी दौऱ्याच्या दिवशी तुकड्यावर पुढील बाबी हजर असणं बंधनकारक होतं: पाचटाचा थर, ओलावा, फलक, शेतकरी, शेतकऱ्याची पत्नी (डोक्यावर पदर ऐच्छिक) आणि गांडूळ (किमान एक, जिवंत). पहिल्या पाच बाबींचं जमे. गांडुळांना परिपत्रक पोचत नसे. म्हणून आदल्या दिवशी खोडव्याची बायको मागच्या ओहोळाकडे जाऊन झाकणाच्या डब्यात गांडुळं भरून आणी.

"साहेबांना सांगा, गांडुळांनाही एक खुर्ची द्या," ती म्हणायची. "दर वेळी बिचाऱ्यांनाच उभं करता."

ओहोळाकडचा तो कोपरा मात्र वेगळा होता. तिथे ओल इतकी की पाचट कधी नीट पेटतच नसे. पेटवायचा कंटाळा, ओढून आणायचा त्याहून कंटाळा, असं करत वर्षानुवर्षं तिथलं पाचट तिथेच कुजलं होतं. माती मूठभर घेतली तर बोटांना काळी लागायची आणि तिला पाऊस पडून गेल्यासारखा वास यायचा. एवढा कर्ब कोणत्याही योजनेविना जमला होता. समितीच्या दृष्टीने तो बेकायदा नव्हता, पण अनधिकृत होता.

खोडव्याची एकुलती एक मुलगी शहरात रोपवाटिकेत कामाला होती. तिसऱ्या वर्षी, तोडणीच्या आधी, तिचा फोन आला.

"बाबा, यंदाची तोड झाली की मी घरी येतेय. शेत मी करणार."

"अगं, चांगली नोकरी सोडून?"

"सोडल्यातच जमा आहे. मला सगळं नको एकदम. ओहोळाकडचा कोपरा तेवढा राखून ठेवा. तिथून सुरुवात करते, मग बाकीचं हळूहळू आणू रुळावर. त्याला हात लावू नका, एवढंच."

"नाही लावत," खोडवा म्हणाला. त्याच्या तोंडून 'नाही' निघाल्याची ही पहिलीच वेळ. फोन ठेवल्यावर त्याचे डोळे भरून आले. सगळे शेत सोडून जातात आणि आपली पोर शेताकडे येते, याचा त्याला एवढा आनंद झाला की त्याने तो बायकोला दोनदा सांगितला.

तोड उरकली, आणि त्याच सुमारास रस्त्याकडेच्या तुकड्याची तब्येत बिघडली. दर आठवड्याला अभ्यासदौरे, प्रशिक्षणार्थी, परीक्षक आणि परीक्षकांचे परीक्षक येऊन त्यावर उभे राहत. ओल टिकवण्यावरचं भाषण तास-तास चाले आणि तोवर ऐकणाऱ्यांच्या पायांखाली माती दाबून घट्ट होई. गाड्याही त्यातूनच वळत. आकडा घसरला.

"भाऊ, खुद्द अध्यक्ष येणार आहेत," कर्बसाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "असा आकडा दाखवला तर तुमची खुर्ची..."

"माझी खुर्ची काय?"

"आता मी काय बोलू? मला तर तुमच्याबद्दल आदरच आहे."

दुसऱ्या दिवशी खोडव्याने ट्रॉली जोडली आणि ओहोळाकडे नेली. कोपऱ्यातली वरची काळी माती खरवडून त्याने ट्रॉलीत भरायला घेतली. बायको धावत आली.

"अहो, ती माती पोरीची आहे!"

"माती जातेय कुठे? आपल्याच शेतात राहतेय. इथली तिथे."

"तिला शब्द दिलात ना?"

"शब्द कुठे मोडतोय? कोपरा आहेच की जागेवर."

खोडव्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. शेतातला एकूण कर्ब कणभरही कमी झाला नाही. तो फक्त जिथे मोजतात तिथे गेला. जगातला पुष्कळसा विकास याच मार्गाने झालेला आहे. बायकोला हे शास्त्र पटलं नाही. ती घरात निघून गेली, आणि पाहणीच्या दिवसासाठी गांडुळं तिने आणली नाहीत. (त्याची गरजही नव्हती. ती मातीबरोबरच आली.)

समारंभ तुकड्यावरच झाला. मंडप घातला, खांब रोवले, सतरंजी अंथरली, खुर्च्या मांडल्या. नव्या नमुन्याचा आकडा समितीच्या इतिहासात सर्वोच्च होता. अध्यक्षांनी तो वाचला आणि टाळ्या झाल्या. तोच आकडा मग खोडव्याच्या सबंध शेताला लागू करण्यात आला, आणि त्यानंतर सबंध भागाला. इतर शेतं मोजलेली नसल्यामुळे ती वेगळी असल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नव्हता.

मुलगी त्याच दिवशी आली. पाठीवर पिशवी, हातात रोपांचा ट्रे. मंडपाकडे न बघता ती पायवाटेने थेट ओहोळाकडे गेली. बऱ्याच वेळाने परतली तेव्हा तिच्या हातांना पिवळा मुरूम लागलेला होता. खुर्च्यांमधून वाट काढत ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, माझा कोपरा कुठे गेला?"

खोडव्याने आधी फलकाकडे बघितलं, मग कर्बसाहेबांकडे. ते छायाचित्रकाराला उजेड कुठून येतो ते दाखवत होते.

"इथेच आहे गं," तो म्हणाला. "पायाखाली."

तिने सतरंजीचा कोना उचलून बघितला. खाली काळी माती पावलांनी चोपून गुळगुळीत झाली होती.

"मग उठा ना बाबा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही तिच्यावर बसलाय."

उठायचं खोडव्याच्या मनात होतं, हे शपथेवर सांगता येईल. लाजेने त्याचे कान तापले होते. आपण पोरीच्या पुढ्यातलं ताट ओढून पाहुण्यांना वाढलं, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं. पण नेमका तेव्हाच अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि छायाचित्रकार म्हणाला, "हलू नका." खोडवा हलला नाही. छायाचित्रात त्याच्या डोळ्यांत पाणी दिसतं. खाली 'आनंदाश्रू' असं छापलं आहे.

मुलगी संध्याकाळच्या गाडीने परत गेली. रोपांचा ट्रेही तिने बरोबर नेला. तिला सोडायला गेलेली आई एकटी घरी आली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतं बोलते. खोडवा अधूनमधून ओहोळाकडे जाऊन उघड्या मुरमाकडे बघत बसतो. त्याला रडूही येतं. मात्र पुढच्या महिन्याच्या बैठकीत तो वेळेवर हजर होता.

त्या बैठकीत ठराव झाला की, सबंध भागातल्या कर्बाचं उद्दिष्ट पूर्ण झालेलं असल्यामुळे पाचट न जाळण्याचं आवाहन यापुढे करण्याचं कारण उरलेलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. खोडव्याचा हात पहिल्या रांगेतून वर गेला. त्या आठवड्यात एवढा धूर झाला की समितीला खिडक्या लावून घ्याव्या लागल्या.

ही हकीकत समितीच्या परवानगीने छापली आहे. परवानगी लगेच मिळाली, त्याचं कारणही सांगून टाकतो. वाचताना आपल्याला खोडव्याची चीड आली असेल, मुलीसाठी जीव हळहळला असेल. वाचकांच्या हळहळण्याला अहवालात 'जनजागृती' म्हणतात आणि दर हळहळीमागे मातीतला कर्ब थोडा वाढला असं धरण्याची पद्धत आहे. आपली हळहळ जमा करून घेतली आहे. आता आपण आणखी काही करावं अशी कोणाचीही अपेक्षा नाही. चहा निवतोय; साखर तेवढी ढवळून घ्या.