खाडाखोड असल्यास कारण

खट्ट.

दुपारी सव्वातीनला लोखंडी कपाटाची मूठ वाजली. वल्लरीने मांडीवर झोपलेल्या लेकीचं, क्षिप्राचं, डोकं हलकेच उशीवर सरकवलं आणि लॅपटॉप उघडला. मूठ वाजली म्हणजे सासऱ्यांनी वही काढली. क्षिप्रा उठेपर्यंतचा तासभर हा दिवसातला एकच वेळ वल्लरीचा स्वतःचा होता, आणि गेले काही महिने तो सासऱ्यांनी, मधुकररावांनी घेतला होता.

मधुकरराव बावीस वर्षं वर्तकनगर बेसबॉल मंडळाचे अधिकृत स्कोअरर होते. एकोणीस वह्या, दोनशे चौदा सामने, सगळं पेन्सिलीने. पानं पिवळी पडली, कोपरे गळायला लागले, तेव्हा मंडळाने ठरवलं की हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि स्नेहसंमेलनात प्रत्येक खेळाडूचे आकडे पडद्यावर दाखवायचे. वल्लरी डेटाबेसचं काम करते, त्यामुळे बाहेर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. "कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं तेवढं सांग," मधुकरराव म्हणाले होते. वल्लरीला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

मधुकररावांनी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढली होती.

"तीन कोटेशनं लागतील. आणि तुलनात्मक तक्ता."

"बाबा, एक्सेल घरात आहेच. बाकीची दोन फुकट मिळतात."

"मग तसं तक्त्यात लिही."

तिने लिहिलं. एक्सेल, एसक्यूलाइट, पोस्टग्रेस. किंमत शून्य, शून्य, शून्य. मधुकररावांनी चष्मा लावून तक्ता दोनदा वाचला.

"यात लोएस्ट कोण?"

"तिघंही."

"तिघंही लोएस्ट असले तर फाइल परत येते."

"कोणाकडून?"

"माझ्याकडून."

फाइल जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चार महिने फिरत राहिली. शेवटी वल्लरीने तिघांचे स्वभाव सांगितले. एक्सेलला काहीही चालतं, रकाना रिकामा सोडला तरी ते हूं की चूं करत नाही. एसक्यूलाइट भिडस्त आहे, आकड्याच्या जागी नाव लिहिलं तरी सहसा ठेवून घेतं. पोस्टग्रेस कडक. एखादा रकाना सक्तीचा केला, की तो भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

"मी त्यात एक सक्तीचा रकाना ठेवणार आहे, बाबा. मूळ वहीत खाडाखोड आहे का, होय किंवा नाही. असल्यास कारण."

मधुकररावांनी चहाचा कप खाली ठेवला. "एक्सेल बरं आहे," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी सासूबाई, प्रमोदिनीबाई, तिला ओट्याजवळ गाठून म्हणाल्या, "तुझ्या त्या पोस्टग्रेसमध्ये लिहिलेलं मागून बदलता येतं का गं?"

"येतं, आई. पण कोणी बदललं, कधी, कशासाठी, ते सगळं राहतं."

"राहू दे. माझं नाव ठळक लिही."

मग प्रमोदिनीबाईंनी अठ्ठ्याऐंशीचा फायनल सांगितला. घरात तो सगळ्यांना पाठ होता, पण ऐकावा लागे. महिलांचा सामना, शेवटचा डाव, समोर डोंबिवलीची आसावरी. तिने मारलेला जमिनीलगतचा बॉल प्रमोदिनीबाईंच्या बाजूने निघून गेला आणि सामना हातचा गेला. आता असा बॉल अडवता येण्यासारखा नव्हता असं स्कोअररला वाटलं, तर फलंदाजाला हिट मिळते. येण्यासारखा होता असं वाटलं, तर अडवणारीच्या नावावर एरर लागते. स्कोअररने माइकवरून सांगितलं, "एरर. ई-सहा." सहा म्हणजे प्रमोदिनीबाईंची जागा. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीतली ही एकच एरर. पुढच्या वर्षी त्यांनी त्या स्कोअररशी लग्न केलं, पण ई-सहा विसरल्या नाहीत.

"आसावरी दर दिवाळीला फोन करते. म्हणते, काय गं सुटलेला बॉल, कशी आहेस? आणि संमेलनात ती समोर बसणार, पडद्यावर माझी एरर बघत. ते मी होऊ देणार नाही."

निर्णयासाठी मंडळाचे सचिव महेंद्रकाकांना डोंबिवलीला फोन लावला.

"अरे मध्या, वहिनी बोलतात ते घे ना यार. तुझ्या तक्त्याच्या नादात आपण सगळे वर जाऊ."

दोन विरुद्ध एक. पोस्टग्रेस मंजूर.

मग रोज दुपारी मधुकरराव वही पत्त्यांसारखी छातीशी धरून वाचायला लागले आणि वल्लरी टाइप करायला लागली. प्रत्येक सामन्याच्या शेवटी ती विचारायची, "खाडाखोड?" आणि ते मान ताठ करून सांगायचे, "नाही." दोनशे तेरा वेळा नाही. अठ्ठ्याऐंशीचा फायनल तेवढा मागे राहत गेला. सोमवारी ते पान चिकटलेलं होतं. बुधवारी चष्मा सापडत नव्हता. गुरुवारी त्यांना भाजी आणायला जायचं होतं, जे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

आज शुक्रवार, आणि रविवारी संमेलन. पडद्यावर लाल ओळ आली होती : सामना नोंदवलेला नाही.

"कुठला राहिलाय?" प्रमोदिनीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी स्वतःच वाचलं. कप ठेवले, पदराला हात पुसले आणि हात पुढे केला.

"द्या वही."

"खेळाडूला वही दाखवत नाहीत. नियम आहे."

"मी सदतीस वर्षांपूर्वी खेळाडू होते. द्या."

मधुकररावांनी दिली.

पान खिडकीकडे धरताच सगळं दिसलं. एका चौकोनात रबराने कागद इतका घासला होता, की आरपार उजेड येत होता. खाली ई-सहाची पुसट खूण. तिच्यावर, त्याच सुबक अक्षरात : हिट.

आवाजाने उठलेली क्षिप्रा डोळे चोळत आली आणि वल्लरीच्या मांडीवर चढून बसली.

"हे कधी केलंत?" प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तुझ्या वडिलांना भेटायला आलो, त्याच्या आदल्या दिवशी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"स्कोअररने वही खोडली, हे सांगायचं कोणाला?"

"मला."

"तू मंडळाची खजिनदार होतीस."

"सदतीस वर्षं भांडतेय मी तुमच्याशी."

"मला वाटलं, तेवढं चालून जाईल."

प्रमोदिनीबाई खुर्चीत बसल्या. पानावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, फार हळू, कागद फाटू नये म्हणून.

"वल्लरी, ई-सहा लिही."

"काय?" मधुकरराव म्हणाले.

"सुटला होता बॉल. ग्लोव्हच्या खालून गेला. अडवता आला असता."

"अगं, वहीत हिट आहे. वहीत आहे तेच जाणार."

"वही खोटी आहे."

"सही माझी आहे."

"आणि बॉल माझा होता. त्या आसावरीला फुकटची हिट मी देणार नाही."

"आई, नक्की काय लिहू?"

"एरर," सासूबाई म्हणाल्या. "हिट," सासरे म्हणाले.

दोघांचं एकमत होईपर्यंत वल्लरीने तो रकाना तात्पुरता सोडला आणि पुढचा भरला. खाडाखोड : होय. त्याबरोबर खाली नवा चौकोन उघडला. तिने दोनदा पुढे जाऊन पाहिलं. तिनेच सक्तीचा केलेला रकाना तिलाही सोडायला तयार नव्हता.

मधुकरराव चष्म्याची काच पुसायला लागले. ती स्वच्छ होती. प्रमोदिनीबाई थंड झालेला चहा उगाचच फुंकत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते.

पहिलीत गेल्यापासून क्षिप्रा दिसेल ते वाचते. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "का-र-ण."

मग तिने आजोबांकडे बघितलं, आजीकडे बघितलं आणि वल्लरीची हनुवटी स्वतःकडे वळवली.

"मम्मा, बॉल तर आजीने सोडला ना? मग आजोबांनी का खोडलं?"