रडणं ओळखणारी डबी

माझी लेक का रडते हे मला पाच सेकंदांत कळतं. सहावा सेकंद लागला तर समजायचं, मी त्या दिवशी आजारी आहे. भूक, झोप, ओलं आणि पोट, असे तिच्या रडण्याचे चार प्रकार. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. नुसत्या पानाच्या कडेवरून झाडाचं कूळ सांगणारी. सात महिन्यांच्या बाळाचं रडणं म्हणजे काय मोठं! घरात तिला सगळे बाईसाहेब म्हणतात, कारण ती काही मागत नाही, फर्मावते. आणि त्या फर्मानांची अधिकृत दुभाषी मी.

हे सगळं मी एकदा जेवताना ठसक्यात बोलून गेले आणि समोर बसलेल्या माझ्या दिरानं घास तोंडाशी थांबवला.

भाऊजी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजात त्यांना 'वायर' म्हणतात. टीव्हीच्या रिमोटपासून इस्त्रीपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात काय आहे ते त्यांनी उघडून पाहिलंय, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू त्यानंतर पूर्वीसारख्या वागत नाहीत. सत्र संपायला सहा आठवडे उरले होते. तोंडी परीक्षेत प्रोजेक्ट दाखवायचा आणि दुसऱ्याच दिवशी तीन मित्रांबरोबर पंधरा दिवसांच्या सायकलसहलीला निघायचं, असा त्यांचा बेत. सायकलला नवे टायर बसले होते, तंबू आला होता, मुक्कामांचा नकाशा भिंतीवर लागला होता. प्रोजेक्टचा मात्र विषयसुद्धा ठरला नव्हता. आणि प्रोजेक्ट राहिला तर सत्र राहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "तुला हे जे येतं ना, ते यंत्राला शिकवू या."

यंत्र म्हणजे काय, तर साबणाच्या डबीत बसवलेली बोटभर सर्किटची पट्टी, एक माइक आणि एक इवलासा स्पीकर. रडणं ऐकून डबीनं भाऊजींच्या आवाजात कारण बोलून दाखवायचं. पण तिला ते कळणार कसं? मी विचारून विचारून त्यांना भंडावून सोडलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की तिला कळत काहीच नाही. आपण चारशे रेकॉर्डिंग द्यायची आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावायची, ही भूक, ही झोप. मग 'भूक' लिहिलेल्या शंभरांत सारखं काय आहे ते डबी आपलं आपण हुडकून काढते. काय हुडकलं ते मात्र सांगत नाही. हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं, पण नेमक्या तेव्हाच बाईसाहेब रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून फोन माझ्या गाऊनच्या खिशात. रडू आलं की बटण दाबायचं, वीस सेकंद भरू द्यायचे, मग चिठ्ठी. खरं सांगते, त्या महिन्यात माझ्यातच काहीतरी बदललं. एरवी ती रडली की हातातलं काम टाकून मी धावायचे. आताही धावायचे, पण माझ्या मागोमाग कुतूहलही यायचं. भुकेचं रडणं शेवटाला वर चढतं का? झोपेचं नाकातून येतं का? मी एक वही केली. दूध गाळण्याच्या वेळी, कपडे वाळत घालताना मी त्या वहीत टिपणं करायचे. नवरा म्हणाला, एवढा अभ्यास पदवीच्या वेळी केला असतास तर पहिली आली असतीस. मी दुसरी आले होते, हे त्याला पुन्हा एकदा सांगावं लागलं.

पाचव्या आठवड्यात डबी तयार झाली. चारशेपैकी डबीला न ऐकवता बाजूला ठेवलेल्या शंभर रेकॉर्डिंगवर भाऊजींनी तिची परीक्षा घेतली. सत्त्याण्णव बरोबर! उरलेली तीन बहुधा माझ्याच चिठ्ठ्यांची चूक असावी, असं ते म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी, ती तीन तुमच्या डबीची चूक. यावरून आम्ही अर्धा दिवस बोललो नाही.

मग एक विचित्र गोष्ट झाली. बाईसाहेब पलंगावर गाढ झोपलेल्या, डबी शेजारी टेबलावर. मी लंगोटांच्या घड्या ठेवायला कपाटाचा खण ओढला. तो खण ओढला की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडतो. आणि डबी बोलली, "बाळाला ओलं झालंय."

बाळ तर रडलंच नव्हतं. मी जाऊन हात लावून पाहिला. चिंब!

मी धावत भाऊजींकडे गेले. अहो, ही रडायच्या आधीच ओळखते! भाऊजींचे डोळे असे चमकले की मला त्यांच्याच तब्येतीची काळजी वाटली. त्यांनी बसल्या बैठकीला अहवालात अकरा पानांचं नवं प्रकरण घातलं: 'रडण्यापूर्वीचे अनुमान'. त्यात एक आलेख होता. एका चिंब लंगोटावर काढलेला आलेख मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी अंघोळीला गेले असताना नवऱ्यानं बाळ सांभाळलं. मी बाहेर आले तर तो डबीकडे रागानं बघत होता. बाळ दहा मिनिटं टाहो फोडत होतं आणि ही बया गप्प! मी त्याला समजावलं, की तुझ्यापाशी ती नीट रडतच नाही, यंत्रानं तरी काय करावं. भाऊजींना हे पटलं. खोटं कशाला सांगू, मलाही पटलं.

तोंडी परीक्षेला प्रत्यक्ष बाळ हवं म्हणून आम्ही तिघं कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेत लांबलचक लाकडी टेबलं, वायरींची भेंडोळी आणि एका पडद्यावर नाचणारी हिरवी रेघ. परीक्षक मॅडम बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या. चष्मा दोरीनं गळ्यात, आणि चेहरा असा की त्यांना कधी कशाचं आश्चर्य वाटलं असेल यावर विश्वास बसू नये. त्यांनी अहवाल चाळला, अकरा पानांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, दाखवा.

बाईसाहेब रडेनात. हिरवी रेघ बघून त्या खुदकन हसल्या. मॅडमना हसल्या, दारातल्या मुलांना हसल्या, पंख्याला हसल्या. चिमटा काढायला कोणी धजेना. एका मुलानं तोंड वेडंवाकडं करून दाखवलं, तर त्याला तिनं सगळ्यात मोठं हसू दिलं. पाव तासानं ती माझ्या खांद्यावर झोपूनच गेली.

वेळ जात होता. भाऊजींच्या कपाळावर घाम. मॅडमनी माझ्याकडे मोहरा वळवला. चिठ्ठ्या कोणी लावल्या? तुम्ही? कशावरून ओळखलंत? मला एकदम पदवीची तोंडी परीक्षा आठवली. मी नेहमीसारखा एक लांब सुस्कारा सोडून पुटपुटले, "अगं बाई गं, आता काय करू..."

डबी म्हणाली, "बाळाचं पोट दुखतंय."

सगळे बाळाकडे वाकले. बाळ झोपेत हसत होतं.

"मॅडम, हे आधीच ओळखतं," भाऊजी घाईघाईनं म्हणाले. "आता रडेल बघा."

आम्ही बघितलं. पाच मिनिटं बघितलं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी दिसलं. महिनाभर आरशात दिसत होतं तेच. कुतूहल.

त्यांनी मला बाळाला भाऊजींकडे देऊन बाहेर जायला सांगितलं. मी गेले. आत शांतता. पुन्हा आत बोलावलं. बाळाला भूक लागली की तुम्ही काय करता, नेमकं करून दाखवा, म्हणाल्या. मी बिचकत दोन पावलं धावले. "आले आले आले, आले गं माझी राणी..."

"बाळाला भूक लागलीय."

"आणि झोप आली की?"

मी नाकातल्या नाकात गुणगुणले. अगदी हळू. बाळाला झोप आलीय, डबीनं जाहीर केलं. दारात आता अर्धा वर्ग गोळा झाला होता आणि कोणी तरी टाळीही वाजवली. मॅडमनी रेकॉर्डिंग लावायला सांगितली. पहिलं लागलं. धावत्या चपला, आले आले आले, आणि लांब कुठे तरी, शेजाऱ्याच्या घरात असावं तसं, बाळ. दुसरं तसंच. ओल्याच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये आमच्या कपाटाचा खण किंचाळत होता. पोटदुखीच्या शंभरच्या शंभर रेकॉर्डिंगमध्ये मी सुस्कारे टाकत होते. पाच सेकंदांत मला कारण कळायचं ना! उरलेले पंधरा सेकंद मी ते यंत्राला सांगत बसले होते.

"यात बाळ कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. माझ्या पाच सेकंदांपायी पोराचं अख्खं सत्र जाणार! मी बोलायला तोंड उघडलं, पण पुन्हा सुस्कारा निघेल या भीतीनं मिटलं. तेवढ्यात भाऊजींनी अहवाल स्वतःकडे ओढला. ती अकरा पानं त्यांनी एकत्र धरली आणि फाडून टेबलावर ठेवली. आलेखासकट.

"चूक माझी आहे, मॅडम," ते म्हणाले. "वहिनीनं मी सांगितलं तसंच केलं. सत्त्याण्णव आले म्हणून मी पुढे ऐकलंच नाही. चारशेतलं एकही रेकॉर्डिंग मी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही."

मॅडमनी ती पानं उचलून बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, की डबी चांगली शिकलीय, फक्त बाळाऐवजी आई शिकलीय. आईची काळजी इतकी अचूक ओळखणारं यंत्र त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. नापास त्या करणार नव्हत्या, पण गुणही आज देणार नव्हत्या. पंधरा दिवसांत दोनशे नवी रेकॉर्डिंग, ज्यात बाळाशिवाय दुसरा आवाज नाही. विद्यार्थ्यानं स्वतः बसून करायची, स्वतः शेवटपर्यंत ऐकायची. "आणि या," माझ्याकडे पेन रोखून त्या म्हणाल्या, "त्या खोलीत नकोत."

पंधरा दिवस म्हणजे बरोब्बर सहल. त्या संध्याकाळी भाऊजींनी भिंतीवरचा नकाशा उतरवला, गुंडाळी करून कपाटावर टाकला आणि मित्रांना फोन केला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "वहिनी, सायकल काय, पुढच्या सत्रातही असेल. बाईसाहेबांचं हे वय राहणार नाही." मला रडू आलं. डबी बंद होती म्हणून बरं.

ते पास झाले, हेही सांगून टाकते. नव्या डबीला शंभरातली एकसष्टच बरोबर आली, बाकीच्या वेळी ती 'सांगता येत नाही' म्हणायची, आणि मॅडमना तेच फार आवडलं. भाऊजींना त्या दोनशे रेकॉर्डिंगमध्ये रडण्याचा पाचवा प्रकारही सापडला. बाळाला कोणीच नको असतं, थोडा वेळ एकटीला पंख्याकडे बघत पडायचं असतं, त्याचा. मला तो कधी ऐकू आला नव्हता. येणार कसा? मी तिला एकटी सोडलीच कधी?

त्या पंधरा दिवसांत मला रोज तीन तास मोकळे मिळत होते. जन्मात मिळाले नव्हते. झोपेन, वाचेन, केसांना तेल लावेन, काय काय ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या खोलीच्या बंद दारावर भाऊजींनी कागद चिकटवला:

'वहिनी, दाराबाहेरचा तुझा श्वास रेकॉर्ड होतोय. कृपया जिना उतरून खाली जाऊन काळजी करावी.'

गेले की. तिसऱ्या पायरीपर्यंत.