जुनी रेक्टरी, चर्चचं दृश्य असलेली

कोणत्याही गोष्टीचा खरा उत्कर्ष तिच्या मृत्यूनंतर सुरू होतो, हे तत्त्व आमच्या इंग्लंडातल्या खेड्यांमध्ये जितक्या निष्ठेने पाळलं जातं तितकं ते अन्यत्र पाळलं जात असेल असं मला वाटत नाही. आमच्या लिटल पेंडलबी गावात पोस्ट ऑफिस चालू होतं तोवर त्याच्या छपराकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. ते बंद पडलं आणि दोन वर्षांत तिथे 'जुनं पोस्ट ऑफिस' नावाचं चार शयनगृहांचं घर झालं. शाळा बंद पडली, तिची 'जुनी शाळा' झाली. लोहाराची भट्टी विझली, तिची 'जुनी भट्टी' झाली. (लोहाराचा मुलगा बायपासपलीकडच्या वसाहतीत राहतो. त्याच्या घराला नाव नाही, नुसता क्रमांक आहे.) आज गावात पत्र टाकायला, मूल शिकवायला किंवा घोड्याला नाल ठोकायला जागा नाही, पण पत्ते मात्र सगळ्यांचे ऐकत राहावेत असे आहेत. गावची लोकसंख्या घटते आहे आणि घरांच्या किमती वाढताहेत. या दोन्हींचा आलेख काढला तर शेवटचा रहिवासी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी गाव अमूल्य होईल असं दिसतं.

माझे वडील फेब्रुवारीत वारले. त्यामुळे आमच्या घरालाही बरे दिवस येण्याची शक्यता निर्माण झाली.

हे घर सव्वादोनशे वर्षांपूर्वी गावच्या रेक्टरसाठी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूसाठी, बांधलं गेलं. पुढे ते गरम ठेवणं परमेश्वरालाही परवडेना, तेव्हा चर्चने ते विकायला काढलं आणि माझ्या वडिलांनी घेतलं. शहरातल्या नव्या घरापेक्षा ते स्वस्त पडलं, कारण त्या काळी शहाणा माणूस असल्या घराच्या वाटेला जात नसे. (आताच्या रेक्टरबाई बायपासजवळच्या बैठ्या घरात राहतात आणि सात गावं सांभाळतात. वडिलांचा दफनविधी त्यांनी एक बारसं आणि छपराच्या निधीसाठीची एक बैठक यांच्या मधल्या वेळात अतिशय नेटका केला.)

वडील जिल्ह्याच्या सांडपाणी आणि निचरा खात्यात होते. थंडी आणि पाणी यांच्याशी भांडायचं नसतं, ती कुठून येतात ते पाहून तिथे काहीतरी कोंबायचं असतं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी पाचही धुराड्यांत जुनी पोती कोंबली, दिवाणखान्याला कुलूप लावलं, दगडी फरशीवर तपकिरी लिनोलियम अंथरलं आणि बायको, दोन मुलं आणि क्लेमेंट नावाचा कुत्रा घेऊन ते स्वयंपाकघरात राहायला गेले. उरलेलं घर म्हणजे स्वयंपाकघराला थंडी लागू नये म्हणून घातलेला कोट, असं ते म्हणत. आई गेली त्या हिवाळ्यात त्यांनी स्वयंपाकघर पिवळंधमक रंगवलं. त्या बाजूला नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन येत नाही, म्हणून. दुसरं कारण असेल तर ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही.

मी आणि माझा भाऊ डेझमंड यांनी घर विकायचं ठरवलं. तो रेडिंगला हिशेब तपासनीस आहे, मी लीड्सला ग्रंथालयात. दोघांनाही बारा खोल्यांचं काही करता येणार नव्हतं. घरांचा दलाल म्हणून टोबी हॅव्हरशम हा तरुण आला. नखशिखान्त मोहरीच्या रंगात होता. त्याने सगळ्या खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघरात पोचला आणि एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसं आम्हाला बाजूला घेतलं.

"घर फार सुंदर आहे," तो म्हणाला, "फक्त यात कुणीतरी राहिल्यासारखं वाटतं."

हा दोष काढून टाकण्याच्या क्रियेला धंद्याच्या भाषेत 'सहानुभूतीपूर्वक नूतनीकरण' म्हणतात. (सहानुभूती घराला दाखवायची असते.) मार्च ते जून ही सहानुभूती चालली. धुराड्यांतली पोती काढली, तेव्हा वारा पुन्हा घरात आला. जाहिरातीत त्याची नोंद 'हवेशीर' अशी आहे. लिनोलियम उचकटलं. खालची दगडी फरशी भंगलेली निघाली, म्हणून डर्बीशरमधल्या एका पाडलेल्या अनाथाश्रमाची फरशी आणून बसवली. पोरक्या पावलांनी शंभर वर्षं झिजवल्यामुळे तिला असा काही पोत आला आहे की तो नव्या दगडाला कितीही पैसे मोजून मिळत नाही. स्वयंपाकघराला तुळई नव्हती. ती लावली, आणि एका कुशल माणसाने दोन दिवस बसून तिला बारीक ड्रिलने वाळवीची भोकं पाडली. पिवळ्या रंगावर चार हात मारावे लागले, तो खालून पुन्हा पुन्हा वर येत होता. आता तिथे 'शिळा धूर' हा रंग आहे. जेवणघराला 'भिजलेला पारवा' आणि वरच्या मोठ्या खोलीला 'विधवेची लेस'. डेझमंडला तिन्ही रंग एकच वाटले, पण बिलात ते वेगवेगळे होते.

घरातले सगळे फोटो टोबीने खोक्यात भरले. फोटोत दुसऱ्याचं कुटुंब दिसलं की गिऱ्हाइकाला आपलं कुटुंब तिथे कल्पिता येत नाही, असं शास्त्र आहे. क्लेमेंटचा फोटो तेवढा त्याने शेगडीवरच्या फळीवर राहू दिला. कुत्र्यात प्रत्येकाला स्वतःला पाहता येतं, असं तो म्हणाला.

त्याचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. आमच्या गावात माणसं एकमेकांना कुत्र्यांच्या नावांनी ओळखतात. शेजारच्या मिसेस पॉटिंजर तीस वर्षं रोज सकाळी कुंपणापाशी वडिलांशी हवापाण्याबद्दल बोलल्या. अंत्यविधीनंतर त्यांनी माझा हात धरला. "अगं, क्लेमेंटच्या मालकांनी फार चटका लावला गं," म्हणाल्या. नंतर दोन दिवस त्या माझ्यासाठी पारीत भाजलेलं मटण ठेवून जात होत्या, दाराबाहेर, झाकून, घंटा न वाजवता. तेव्हा माया नव्हती असं कुणी म्हणू नये. फक्त नाव ठाऊक नव्हतं. आणि तीस वर्षांनंतर ते विचारायचं तरी कसं?

सगळं तयार झाल्यावर एकच अडचण राहिली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होती.

आमच्या घराचं तोंड चर्चकडे आहे. मधे खुजी भिंत आणि तिच्यापलीकडे चर्चचं आवार. वडिलांना तिथेच, भिंतीला लागून, पुरलं आहे. कबरीची माती बसेपर्यंत सहा महिने दगड उभारायचा नाही असा चर्चचा नियम आहे, तो आम्ही पाळला. ऑगस्टमध्ये मुदत संपली आणि मी दगडाचं काढलं. तेव्हा टोबीने, अतिशय हळुवारपणे, तो विक्रीपर्यंत थांबवण्याची विनंती केली. त्याचं म्हणणं असं होतं की दोनशे वर्षांचं थडगं हे दृश्य असतं आणि सहा महिन्यांचं थडगं हे थडगं असतं. पहिल्याने किंमत शेकडा चारने वाढते, दुसऱ्याने सहाने उतरते. दगड नसला तर नुसता मातीचा उंचवटा दिसेल, आणि उंचवट्याचा अर्थ लोक आपापल्या मगदुरानुसार लावतील. बहुतेकांना चिचुंदऱ्यांनी उकरलेली माती सुचते.

डेझमंडला हे पटलं. मला पटलं नाही. मी त्याला सांगितलं की दगड थांबवते, पण माझी एक अट आहे. या घरात कोण राहत होतं, हे जो विचारील त्यालाच मी घर देईन. दुसऱ्या कुणाच्या कागदावर मी सही करणार नाही.

"फिल," तो म्हणाला, "लोक घर घ्यायला येतात. ओळख करून घ्यायला नाही."

"एकाने विचारलं तरी पुरे."

"बरं बाई. इतकं साधं कुणीतरी विचारेलच." तो हिशेब तपासतो. संभाव्यतेवर त्याचा विश्वास आहे.

घर दाखवायच्या वेळी मालकाने घरात नसावं असा आमच्याकडे संकेत आहे. मालक दिसला की गिऱ्हाइकाला घर आवडल्याचा आव आणावा लागतो. म्हणून मी चर्चच्या आवारातल्या बाकावर फ्लास्क घेऊन बसत असे आणि टोबी सगळं आटोपल्यावर भिंतीवरून वाकून अहवाल देत असे. चौकशा भरपूर होत्या. माळ्यावर वटवाघळं आहेत का? (आहेत. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना उठवता येत नाही आणि घराच्या विक्रीमुळे त्यांच्या दिनक्रमात फरक पडता कामा नये.) पायवाट कुणाच्या हद्दीतून जाते? रविवारी घंटा किती वेळ वाजतात, आणि त्या बंद करण्यासाठी कुठे अर्ज करायचा? मैलाटाकी कुठे आहे? पलीकडच्या शेतात पाणी भरतं का? (वडील असते तर त्यांनी नकाशा काढून दाखवला असता आणि चहा थंड होईपर्यंत सोडलं नसतं.) शेगडीवरच्या फोटोतल्या कुत्र्याचं नाव काय? हे जवळजवळ सगळ्यांनी विचारलं. एका बाईंचे डोळे भरून आले होते, असं टोबी म्हणाला.

माणसाबद्दल कुणीच विचारलं नाही. ते उद्धट ठरलं असतं. माझी अट मोडण्यासाठी आमच्या लोकांनी निराळं काही करण्याची गरज नव्हती, नेहमीसारखं वागलं तरी पुरत होतं. दोन चांगल्या बोल्या मी परत पाठवल्या. डेझमंडचे फोन तोकडे होत गेले. टोबीने मोहरीचा रंग सोडून राखाडी घालायला सुरुवात केली.

सप्टेंबरच्या मध्यावर लंडनहून ट्रेमेन जोडपं आलं. नवरा ह्यूगो, टोबीबरोबर मैलाटाकी बघायला गेला. बायको टॅम्सिन, पस्तिशीची, सहा महिन्यांची गरोदर, पाय दुखतात म्हणून आवारात आली आणि माझ्या बाकावर बसली. मी गावातली कुणीतरी आहे असं तिने धरलं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही, कारण तसं करण्याची वेळ पहिल्या वाक्यापाशीच असते आणि ती निघून गेली होती. मी तिला फ्लास्कच्या झाकणातून चहा दिला. ती घराबद्दल बोलली, आणि चांगलं बोलली. स्वयंपाकघर तिला सगळ्यांत आवडलं होतं. दाराच्या चौकटीशी एका जागी खालचा पिवळा रंग दिसतो, तोच सगळीकडे ठेवायला हवा होता, असं तिला वाटत होतं.

मग तिने समोरच्या उंचवट्याकडे पाहिलं.

"इथे कोण आहे?" तिने विचारलं.

सबंध उन्हाळा मी ज्या प्रश्नासाठी त्या बाकावर बसले होते तो हाच. वडिलांचं नाव माझ्या जिभेवर आलं, तिन्ही शब्दांसकट. पण पुढचं सगळं मला दिसलं. मी नाव सांगितलं की मी कोण हे तिला कळणार. मग ती आपण मालकिणीपुढे रंगावर बोललो म्हणून माफी मागणार, तिला माफी मागावी लागली म्हणून मी माफी मागणार, ती माझ्या माफीची माफी मागणार, आणि हे सगळं एका गरोदर बाईला, उभ्याने, किमान पाऊण तास पुरणार.

"इथलेच एक गृहस्थ," मी म्हटलं.

"भाग्यवान आहेत," ती म्हणाली. "दिवसभर त्या घराकडे बघता येतं." आणि झाकण पुसून परत दिलं.

मी हे सगळं डेझमंडला फोनवर सांगितलं, कारण अट माझी होती आणि ती पाळली गेली की नाही हे मला ठरवता येईना. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिने विचारलं, फिल. उत्तर तू दिलं नाहीस." हिशेबात चूक नव्हती. मी सही केली.

आता दगडाला हरकत नव्हती. दगड कुठल्या खाणीचा, अक्षरं किती खोल, याचे चर्चचे नियम आहेत. त्यांत लाडकी नावं बसत नाहीत, 'डॅड' असं लिहिता येत नाही. मजकुराचं काम डेझमंडने घेतलं होतं. ऑक्टोबरात एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"डॅडचं मधलं नाव काय होतं गं?"

माझ्या वडिलांचं नाव विचारणारा या व्यवहारातला तो एकमेव माणूस. मी त्याला सांगितलं. त्याने ते दोनदा लिहून घेतलं, पहिल्यांदा चुकलं म्हणून.

दगड उभा राहिला आहे. ट्रेमेन मंडळी नाताळच्या आत राहायला येतील. त्यांच्या वतीने वकिलाने एक सभ्य पत्र पाठवून, दगडावर शेवाळ लवकर यावं म्हणून त्याला दही फासायला आमची हरकत आहे का, असं विचारलं आहे. हरकत नाही असं मी कळवलं.

वाचकहो, आपण इथवर सोबत आलात. घर गेलं की नाही याची आपल्याला काळजी होती, आणि बहुधा कितीला गेलं याचंही कुतूहल असेल. त्या गृहस्थांचं नाव मात्र आपणही विचारलं नाहीत. मी ते मनावर घेतलेलं नाही, उलट आपल्या संस्कारांचं मला कौतुक वाटलं. टोबीलाही मी तसं सांगितलं. अशीच माणसं या गावाला हवी आहेत, असं तो म्हणाला. त्याच्याकडे मिसेस पॉटिंजर यांचं घर येण्याच्या बेतात आहे, त्यांची प्रकृती अलीकडे बरी नसते. कधी पाहायला याल तेवढं कळवा.